कारखान्यातली हॉट रॉड आणि कपाटातली प्रतिकृती

भातुकली आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पितळेचे बोटभर पातेले, चिमुकला बंब, जाते, पाटा-वरवंटा असा सारा संसार तीत असतो. पण भातुकलीतल्या बंबाला कोणी पट्टी लावून पाहत नाही. पातेल्याहून बंब मोठा दिसला म्हणजे खेळणाऱ्यांचे काम भागते. हा बंब खऱ्या बंबाच्या नेमका कितवा हिस्सा आहे आणि शेजारचे पातेलेही त्याच हिशेबाने केले आहे की नाही, असे ज्या दिवशी कोणी विचारील, त्या दिवशी खेळणे संपते आणि प्रतिकृती सुरू होते. आजचा विषय या सीमारेषेवरचा आहे.

अमेरिकेत काही मोटारी अशा निघाल्या की त्यांचे रूप जुन्या 'हॉट रॉड' गाड्यांचे, पण जन्म मात्र मोठ्या कारखान्यातला. या मोटारींच्या धातूच्या लहान प्रतिकृती जगभरचे हौशी लोक जमवतात. जमवणारी माणसे बहुधा प्रौढ आणि मिळवती असतात. आणि त्यांना घरीदारी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, 'या वयात खेळण्यातल्या गाड्या?' प्रश्न चेष्टेने विचारलेला असला तरी झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी मूळ मोटार, मग तिची प्रतिकृती आणि शेवटी संग्राहक, अशा क्रमाने जाऊ.

हॉट रॉड या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, आणि ओढूनताणून तो करण्याचे कारणही नाही. वस्तू समजली म्हणजे पुरे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांना एक नाद लागला होता. स्वस्तात मिळणारी जुनी फोर्ड मोटार घ्यावयाची, तिच्यावरचे अनावश्यक ओझे उतरवावयाचे, इंजिनात फेरफार करून त्याची ताकद वाढवावयाची, आणि आटलेल्या तलावांच्या सपाट, टणक तळावर ती किती वेगाने धावते हे घड्याळ लावून पाहावयाचे. म्युरॉक आणि एल मिराज ही अशा तलावांची नावे. या मंडळींच्या क्लबांनी १९३७ साली एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था काढली. १९३२ च्या फोर्डला या जगात विशेष मान असे. त्या साली फोर्डने सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या मोटारीत आठ सिलिंडरांचे, व्ही आकाराचे इंजिन बसवले होते. मुळात ते होते ६५ अश्वशक्तीचे; पण हात चालवणाऱ्याला त्यातून बरेच अधिक काढता येई. युद्ध संपल्यावर घरी परतलेल्या सैनिकांपैकी अनेकांच्या हातात यंत्रांचे कसब होते. नाद फोफावला. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक सुरू केले, आणि गॅरेजमधल्या या उद्योगाला देशभर वाचक मिळाले.

आता या गाडीच्या रूपाकडे पाहा. मडगार्डे नाहीत, कारण त्यांचे वजन नको. टप कापून खाली आणलेला, कारण वारा कमी अडावा. मागची चाके मोठी, कारण मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, पुढची लहान. त्यामुळे सबंध गाडी नाकाकडे झुकलेली, झेप घेण्याच्या पवित्र्यातली दिसते. हे सौंदर्य कोणी कागदावर काढून ठरवलेले नव्हते. वेगाच्या गरजेतून, भंगारात जे मिळेल त्यातून आणि रिकाम्या खिशातून ते आपोआप घडले. म्हणूनच कोणतीही दोन हॉट रॉड सारखी नसत. मालक आणि कारागीर हा एकच माणूस असे, आणि गाडीतला प्रत्येक बोल्ट तेथे का आहे हे त्याला ठाऊक असे.

पुढे अर्धे शतक लोटले. ज्या मुलांनी पोरवयात या गाड्या पाहिल्या होत्या, ती मोठ्या कंपन्यांत अधिकारपदांवर पोचली. क्रायस्लर कंपनीच्या आरेखन विभागाचे प्रमुख टॉम गेल हे स्वतः हॉट रॉडचे षौकीन. त्यांच्या कारकिर्दीत, १९९३ च्या डेट्रॉइट येथील मोटार प्रदर्शनात, कंपनीने एक जांभळी, दोन आसनी, उघड्या टपाची गाडी मांडली. नाक निमुळते, पुढची चाके अंगाबाहेर उघडी, त्यांवर सायकलीच्या मडगार्डासारखी अरुंद पत्र्याची पट्टी. नाव प्लिमथ प्राऊलर. प्रदर्शनात मांडलेल्या अशा नमुन्यांपैकी बहुतेक पुढे कधी रस्त्यावर येत नाहीत. ही आली. १९९७ साली डेट्रॉइटच्याच कॉनर ॲव्हेन्यू कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. १९९८ चे वर्ष वगळून ते फेब्रुवारी २००२ पर्यंत चालले, आणि तेवढ्या काळात एकंदर ११,७०२ गाड्या तयार झाल्या.

प्राऊलर ही नुसती नक्कल नव्हती. तिच्या सांगाड्यात आणि अंगात ॲल्युमिनियमचा मोठा वापर होता आणि भाग जोडण्यासाठी चिकट रसायनांचाही उपयोग केला होता. ही नवी तंत्रे आजमावून पाहणे हा कंपनीचा एक हेतूच होता. गिअरपेटी इंजिनाला न जोडता मागच्या आसाकडे नेली होती, म्हणजे वजन पुढेमागे विभागले जावे. एवढे असूनही जुने हॉट रॉडवाले नाराज झाले. त्यांची पहिली तक्रार इंजिनाची. आठ सिलिंडरांच्या जागी येथे ३.५ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. पहिल्या वर्षी २१४ अश्वशक्तीचे, १९९९ पासून २५३. दुसरी तक्रार गिअरची. ते आपोआप बदलत, चालकाला हाताने टाकावयाचे नव्हते. तिसरी बंपरांची. नियमाला धरून पुढे ठळक बंपर लावावे लागले होते आणि काही मालकांनी ते घरी नेताच काढून टाकले. सामान ठेवावयाला जागा इतकी थोडी की कंपनीने गाडीच्याच रंगाचा आणि घाटाचा एक लहानसा ट्रेलर जोडीला विकावयास ठेवला.

पण या तक्रारींच्या मुळाशी एक मोठी तक्रार होती. ज्या गाडीचा सारा अर्थ 'मी स्वतः केली' या शब्दांत आहे, ती सुमारे ३८ हजार डॉलर देऊन दुकानातून आणली, तर तिला हॉट रॉड म्हणावयाचे काय? घरी घातलेल्या लोणच्याची चव कारखान्याने बरणीत हुबेहूब आणली, तरी ते लोणचे घरचे होत नाही. हा प्रश्न पुढच्या गाड्यांनाही चिकटून राहिला. क्रायस्लरचीच पी. टी. क्रूझर ही जुन्या गाड्यांचा उंच टप आणि फुगीर मडगार्डे घेऊन २००० साली आली. ती कुटुंबाच्या सोयीची गाडी होती आणि २०१० पर्यंत १३ लाखांहून अधिक निघाल्या. शेव्हरोलेची एस. एस. आर. २००३ ते २००६ या काळात निघाली. १९४७ पासूनच्या शेव्हरोले पिकअपचे गोलसर रूप, मागे हौदा, वर घडी होऊन आत जाणारा पोलादी टप, पोटात खरेखुरे आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि वजन दोन टनांहून अधिक. एकूण सुमारे २४ हजार झाल्या. रूप हॉट रॉडचे. पण हॉट रॉडचे पहिले सूत्र म्हणजे ओझे उतरवणे, तेच नेमके बाजूला राहिले.

आता प्रतिकृतीकडे वळू. डायकास्ट म्हणजे पोलादी साच्यात दाबाने ओतलेली वस्तू. उकडीच्या मोदकाचा दोन पाखांचा साचा डोळ्यांपुढे आणा. पाखे मिटतात, आत जिन्नस भरला जातो, पाखे उघडतात आणि आकार बाहेर येतो. येथे जिन्नस असतो जस्ताचा मिश्रधातू, 'झामाक' नावाचा. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने तो १९२९ साली सिद्ध केला. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून ते नाव बनले आहे. सुमारे ३८५ अंश सेल्सियसला तो वितळतो, साच्याच्या बारीक रेघेतही शिरतो आणि क्षणात गोठतो. साच्याबाहेर काढल्यावर कडेला आलेली पातळ धातूची झालर खरवडतात, अंग घासून गुळगुळीत करतात, रंग देतात, रबरी गादीने बारीक अक्षरे आणि चिन्हे छापतात, आणि शेवटी काचा, आसने व तळ बसवून रिव्हेट मारतात.

या धंद्याचा वंश पाहू लागले तर तो आगगाडीपर्यंत जातो. इंग्लंडात लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो कंपनी खेळण्यातल्या आगगाड्या करीत असे. त्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करावयाला मोटारी हव्यात, म्हणून ज्या लहान गाड्या निघाल्या त्याच १९३४ पासून डिंकी टॉइज म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्या आगगाड्यांचे माप एका फुटाला सात मिलिमीटर. त्यावरूनच १:४३ हे प्रमाण रूढ झाले. लंडनच्या लेस्नी कंपनीचे जॅक ओडेल यांची मुलगी ज्या शाळेत जाई, तेथे काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. वडिलांनी तिला तेवढा रस्त्याचा रोलर करून दिला, आणि त्यातूनच १९५३ साली मॅचबॉक्स ही मालिका निघाली. पुढे १९६८ साली अमेरिकेतील मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स या नावाने पहिल्या सोळा गाड्या काढल्या. त्यांचे आरेखक हॅरी ब्रॅडली हे जनरल मोटर्समधून आले होते आणि स्वतःची गाडी बदलून घेण्याचा नाद त्यांनाही होता. त्या सोळांत 'हॉट हीप' ही जुन्या मॉडेल टी फोर्डवर बेतलेली हॉट रॉडच होती. म्हणजे या खेळण्यांच्या मुळाशी हॉट रॉड पहिल्यापासूनच आहे.

प्राऊलरच्या प्रतिकृती अनेकांनी काढल्या. मॅचबॉक्सने काडेपेटीच्या मापाची काढली. फ्रँकलिन मिंट या संस्थेने १:२४ प्रमाणाची, बारकाव्यांची प्रतिकृती काढली. एस. एस. आर. ही माइस्टो कंपनीने १:१८ मध्ये केली. नवशिक्याला येथे गोंधळ वाटतो, तो आकड्यांचा. हिशेब सोपा आहे. खरी प्राऊलर सुमारे ४२० सेंटिमीटर लांब. १:१८ मध्ये ती साडेतेवीस सेंटिमीटरांच्या आतबाहेर येते, १:२४ मध्ये साडेसतरा, १:४३ मध्ये पावणेदहा, आणि १:६४ मध्ये साडेसहा. दुकानात जाताना खिशात पट्टी न्यावी. खोक्यावर काय छापले आहे त्यापेक्षा पट्टी काय सांगते ते खरे. लहान गाड्या पुष्कळदा खोक्यात मावाव्यात म्हणून थोड्या आवळलेल्या किंवा फुगवलेल्या असतात.

पण लांबीपेक्षा चाके अधिक बोलतात. खऱ्या प्राऊलरचे पुढचे चाक टायरसकट सुमारे ६३ सेंटिमीटर व्यासाचे, मागचे सुमारे ७४. हा ११ सेंटिमीटरांचा फरक म्हणजेच त्या गाडीची झेप. १:१८ मध्ये तो सुमारे सहा मिलिमीटर उरतो आणि नजरेत भरतो. १:६४ मध्ये तो दोन मिलिमीटरांच्याही आत येतो. आणि स्वस्त गाडीला कारखान्यातली ठरावीक मापाची चाके चढवली, तर कधी पुरताच नाहीसा होतो. मग अंग प्राऊलरचे, पण ती नुसती उभी असते, झेपावत नाही. पुढची उघडी चाके ही दुसरी कसोटी. साच्याची पाखे सरळ उघडतात. आत वळलेला किंवा अतिशय नाजूक भाग त्यात अडकतो किंवा मोडतो. म्हणून चाकामागचे बारीक दांडे आणि ती अरुंद मडगार्डे प्लास्टिकची करून जोडावी लागतात. ती किती सफाईने जोडली आहेत यावरून करणाऱ्याचा हात ओळखावा.

तिसरी कसोटी रंगाची. गाडी अठरापट लहान करता येते. पण रंगातली चमकीची कणी मूळ गाडीचीच वापरली तर ती अठरापट मोठी दिसते, आणि गाडीवर साखर भुरभुरल्यासारखे वाटते. चांगला कारखानदार बारीक कणीचा रंग पातळ थरात देतो. रंगावरून सालही पडताळता येते. १९९७ ची प्राऊलर फक्त जांभळ्या रंगात निघाली, आणि त्या वर्षी त्या जेमतेम ४५७ झाल्या. तेव्हा पिवळ्या प्रतिकृतीच्या तळाशी १९९७ लिहिलेले दिसले, तर कोणाचा तरी अभ्यास कच्चा आहे असे समजावे. २००१ साली प्लिमथ हे नावच कंपनीने बंद केले आणि शेवटच्या प्राऊलर क्रायस्लर या नावाने विकल्या गेल्या. नाकावरचे एवढेसे बोधचिन्ह असा इतिहास सांगते.

दुर्मिळपणाविषयी येथे सावध केले पाहिजे. एखादी वस्तू काळाच्या ओघात कमी उरते, ही एक गोष्ट. कारखानदार मुद्दाम थोडी काढतो, ही दुसरी. हॉट व्हील्सने १९९५ साली 'ट्रेझर हंट' नावाच्या बारा गाड्या प्रत्येकी १० हजारच काढल्या, आणि तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. परिणामी काही मंडळी दुकानातील आकडे चाळून दुर्मिळ तेवढे उचलतात, खोके न उघडता ठेवतात आणि वाढीव भावाने विकतात. हा व्यापार झाला. त्यात वावगे काही नाही. पण जी गाडी कधी हातात घेऊन पाहिली नाही, तिचा संग्रह केला असे म्हणणे कठीण आहे.

शिवाय धातू अमर असतो अशा समजुतीत कोणी राहू नये. जस्तात शिसे किंवा कथील यांची अल्पशी भेसळ राहिली, तर मिश्रधातू वर्षानुवर्षांनी आतून फुटू लागतो. अंगावर बारीक भेगा पडतात, गाडी फुगते, वाकते आणि शेवटी भुगा होते. युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी गाड्या अशा गेल्या. या रोगावर औषध नाही. पुढे अतिशुद्ध जस्त वापरण्याची पद्धत पडली आणि हा धोका पुष्कळ कमी झाला. पण इतर शत्रू आहेतच. उन्हाने रंग उडतो. मऊ प्लास्टिकच्या टायरांतील तेलकट द्रव्य हळूहळू पाझरून खालच्या प्लास्टिकच्या पाटाला खाते. म्हणून चाके टेकू न देता गाडी मधोमध ठोकळ्यावर ठेवावी. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पुठ्ठ्याची खोकी भिंतीपासून दूर ठेवावीत.

आता मूळ प्रश्न. 'या वयात खेळण्यातल्या गाड्या' का जमवाव्यात? एक उत्तर सरळ व्यवहाराचे आहे. आपल्या देशात गाडी कापून, वाढवून, मनासारखी करणे कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि २०१९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी कारखानदाराने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करण्याची वाट बंद केली आहे. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल. तेव्हा हॉट रॉडचा नाद असलेल्या आपल्याकडच्या माणसाला टेबलावरची गाडी हाच बराचसा मार्ग उरतो.

पण मला दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. पहिल्या हॉट रॉडवाल्याने गाडी स्वतः केली. प्राऊलरच्या मालकाने ती विकत घेतली. आणि संग्राहकाने तर त्या विकत मिळणाऱ्या गाडीचीही नक्कल विकत घेतली. म्हणजे मूळ हातापासून तो तीन पायऱ्या दूर आहे. हे अंतर पैशाने कमी होत नाही. महागडी प्रतिकृती घेतली म्हणून माणूस एक पायरीही वर चढत नाही. ते कमी होते जाणण्याने. गाडीतला प्रत्येक भाग तेथे का आहे हे त्या पहिल्या कारागिराला ठाऊक होते. तेवढे तरी संग्राहकाला आपल्या वीतभर गाडीविषयी ठाऊक असावे.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझे सांगणे असे. शंभर गाड्यांच्या मागे लागू नका. चार घ्या, पण एकाच प्रमाणाच्या. पहिली १९३२ ची मूळ फोर्ड, कारखान्यातून निघाली तशी. दुसरी त्याच फोर्डची केलेली हॉट रॉड. तिसरी प्राऊलर. चौथी एस. एस. आर. चारही एका फळीवर ओळीने मांडा आणि पट्टी घेऊन बसा. १:२४ मध्ये मूळ फोर्डच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर ११२ मिलिमीटर भरेल, प्राऊलरचे १२०, एस. एस. आर.चे १२३. जुन्या गाडीची आठवण म्हणून केलेली प्रत्येक नवी गाडी तिच्याहून मोठी आहे, हे कोणी न सांगता दिसेल. पहिलीवरून दुसरीकडे जाताना काय काय उतरवले, आणि तिसरी-चौथीकडे येताना काय काय पुन्हा चढवले, याची यादी करा. घरातले कोणी 'हे काय खेळणे' म्हणून विचारावयास आले, तर ती चारही त्यांच्या हातात द्या आणि त्यांनाही फरक शोधू द्या. दोन-चार फरक त्यांनी आपणहून दाखवले, की त्या फळीवर संग्रह उभा राहिला असे समजावे.